बारावीला कमी गुण, वय तिशीच्या पुढे: एमबीबीएस प्रवेशाची तयारी कुठून सुरू करावी

औषधनिर्माण, अभियांत्रिकी, बँक किंवा शिक्षकी पेशात आठ-दहा वर्षे काढल्यानंतर डॉक्टर होण्याचा विचार पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा बहुतेकांना दोन गोष्टी अडवतात. पहिली बारावीची जुनी गुणपत्रिका आणि दुसरी जन्मतारीख. भारतातील सध्याच्या प्रवेशपद्धतीत या दोन्हींचे वजन लोक समजतात त्यापेक्षा बरेच कमी आहे. एमबीबीएसची गुणवत्ता यादी केवळ नीट-यूजी या परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीचे गुण तिच्यात मिळवले जात नाहीत, पदवीचे मिळवले जात नाहीत, आणि कामाचा अनुभव किंवा मुलाखत यांनाही तिथे स्थान नाही. बारावीचे गुण फक्त दार ओलांडण्यापुरते पाहिले जातात. एकदा ते ओलांडले की बारावीला ५२ टक्के मिळवणारा आणि ९५ टक्के मिळवणारा एकाच रांगेत उभे राहतात.

वयाचीही तीच गोष्ट. २०१७-१८ च्या सुमारास खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली, अंतरिम आदेशांनी मोठ्या वयाच्या उमेदवारांना परीक्षेला बसता आले आणि अखेर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादा काढून टाकल्याचे कळवले. वयाची १७ वर्षे पूर्ण असणे एवढीच अट आता उरली आहे, आणि नीट किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. मोठ्या वयाच्या उमेदवाराची खरी अडचण त्यामुळे तीन ठिकाणी असते: कागदपत्रे, रँकचे गणित आणि पुढची सात-आठ वर्षे घर कसे चालणार हा हिशेब. हा लेख महाराष्ट्रातील उमेदवाराला समोर ठेवून याच क्रमाने जातो.

पहिली पायरी: गुणपत्रिका काढून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांची बेरीज करा

"मला बारावीला ४७ टक्के होते, म्हणजे मी अपात्र" असे सांगणारे अनेक जण प्रत्यक्षात पात्र असतात, कारण त्यांनी एकूण टक्केवारी पाहिलेली असते. पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे चारही विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण असावे लागतात. टक्केवारी पाहिली जाते ती पहिल्या तीन विषयांच्या बेरजेची. ही अट गेली अनेक वर्षे खुल्या प्रवर्गासाठी ५०, राखीव प्रवर्गांसाठी ४० आणि खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ४५ टक्के अशी राहिलेली आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेत या तीन विषयांचे मिळून ३०० गुण असतील, तर खुल्या प्रवर्गाला १५० आणि राखीव प्रवर्गांना १२० गुण लागतात. गणितात किंवा मराठीत पडलेला खड्डा या बेरजेत येत नाही. वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये पदवी शिक्षणाची नवी नियमावली आणली आहे, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची नीटची माहितीपुस्तिका आणि राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, म्हणजे सीईटी सेलची पुस्तिका या दोन्हींतील पात्रतेचे कलम शब्दन् शब्द वाचावे. क्लासच्या जाहिरातीवर किंवा ओळखीच्या माणसाच्या आठवणीवर हा निर्णय सोडू नये.

बेरीज पुरेशी भरली, तर ही पायरी इथेच संपते. ती भरत नसेल किंवा एखादा विषय अनुत्तीर्ण असेल, तर राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना बारावीनंतरच्या मोजक्या संधींपुरतीच असल्याने दहा वर्षांनी तिचा उपयोग होत नाही. अशा उमेदवाराने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे वळावे. तिथे वयाची वरची मर्यादा नाही आणि सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिलच्या व ऑक्टोबरच्या सुमारास होतात. प्रात्यक्षिके नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रावर द्यावी लागतात. टक्केवारी कमी पडत असेल, तर तीनही विज्ञान विषय आणि इंग्रजी एकाच मंडळातून नव्याने द्यावेत असे माझे मत आहे. एक विषय या मंडळाचा आणि दोन त्या मंडळाचे अशी गुणपत्रिका घेऊन प्रवेशाच्या दिवशी पडताळणीच्या टेबलासमोर वाद घालत बसण्यापेक्षा सहा महिने जास्त गेलेले परवडतात.

बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांचा, म्हणजे बहुतेक अभियंत्यांचा, प्रश्न निराळा आहे. पूर्वी त्यांना हा मार्ग जवळजवळ बंद होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय आयोगाने जाहीर केले, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेला उमेदवारही पात्र धरला जाईल. राज्य मंडळात या प्रकाराला तुरळक विषय म्हणतात आणि त्यासाठी प्रात्यक्षिके करून घेणारे एखादे कनिष्ठ महाविद्यालय गाठावे लागते. एनआयओएसमधूनही हा विषय देता येतो. मात्र यात एक वर्ष जाते हे धरून चालावे आणि ते वर्ष नीटच्या जीवशास्त्राच्या तयारीत मुरवावे. अभ्यास एकच असतो, परीक्षा फक्त दोन होतात.

इथेच एक गैरसमज काढून टाकायला हवा. बी.एस्सी., बी.फार्म., बी.ए.एम.एस., बी.डी.एस. किंवा परिचर्येची पदवी असली तरी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही, आणि दूरशिक्षणाने होणारे एमबीबीएस ही गोष्ट अस्तित्वात नाही. असे काही देऊ करणारा माणूस फसवतो आहे, एवढे समजून तिथून निघावे.

दुसरी पायरी: अभ्यासाआधी कागद

अठरा वर्षांच्या मुलाचे कागद त्याचे कनिष्ठ महाविद्यालय करून घेते. तिशीतल्या माणसाला हे सगळे स्वतः करावे लागते, आणि प्रवेशफेरीच्या चार-सहा दिवसांत ते होत नाही. म्हणून परीक्षेच्या वर्षभर आधी एक फाइल उघडावी.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी (शासकीय महाविद्यालयांतील उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात) महाराष्ट्राचा अधिवास दाखला आणि दहावी-बारावी राज्यातील संस्थांतून झालेली असणे हा पाया आहे. शासकीय नोकरीतील बदल्यांसारख्या परिस्थितीसाठी काही अपवाद पुस्तिकेत दिलेले असतात. वडिलांच्या बदलीमुळे ज्यांची बारावी परराज्यात झाली, त्यांनी आपण त्या अपवादात बसतो का हे आधी तपासावे. बसत नसल्यास राज्य कोटा जवळजवळ हातचा जातो आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांवर व अभिमत विद्यापीठांवरच भिस्त राहते. रँकचे सगळे गणित त्याने बदलते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि जिथे लागू असेल तिथे मुदतीत असलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही. वैधतेचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो, अनुसूचित जमातींचा मात्र त्यांच्या स्वतंत्र समितीकडे. शैक्षणिक कारणासाठीच्या अर्जाला सहसा शिक्षणसंस्थेचे पत्र जोडावे लागते. महाविद्यालय सोडून दशक उलटलेल्याने ते पत्र कुठून आणायचे, हे समितीच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. विवाहित स्त्रीची जात माहेरची, म्हणजे जन्माची धरली जाते, त्यामुळे वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे लागतात आणि ते गोळा करायला गावी दोन-तीन फेऱ्या होतात.

नावाचा प्रश्न स्त्रियांना सर्वाधिक छळतो. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पॅनवर तिसरेच असा प्रकार सर्रास आढळतो. नीटचा अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव धरून चालणे सर्वांत सुरक्षित, कारण पुढे पदवीपर्यंत सगळे कागद त्याच नावाशी जुळवले जातात. आधारवरील नाव त्याच्याशी जुळवून घ्यावे आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र व नाव बदलल्याचे राजपत्र फाइलमध्ये ठेवावे.

याशिवाय शिक्षणात पडलेल्या खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात, आणि शेवटच्या संस्थेतून बाहेर पडल्याचा दाखला लागतो. शेवटची संस्था म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय नव्हे. बारावीनंतर पदवी घेतली असेल, तर पदवीचे महाविद्यालय. पदवीचा टी.सी. कधी काढलाच नाही असे पुष्कळांच्या आयत्या वेळी लक्षात येते. खंडाच्या प्रतिज्ञापत्रात नोकरीची वर्षे खरीच लिहावीत. खंडामुळे प्रवेश नाकारला जात नाही, पण खोट्या प्रतिज्ञापत्रामुळे मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

तिसरी पायरी: पात्र होणे आणि जागा मिळणे यांतील अंतर मोजा

नीटमध्ये पात्र ठरण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ५० वे, राखीव प्रवर्गांना ४० वे आणि खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांना ४५ वे पर्सेंटाइल लागते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; किती टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत ते त्यातून कळते. २०२५ मध्ये ७२० पैकी १४४ गुणांना खुला प्रवर्ग पात्र ठरला, म्हणजे अवघे २० टक्के. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक उमेदवार परीक्षेला बसले, १२ लाखांहून अधिक पात्र ठरले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. पात्र ठरलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळत नाही, असा याचा सरळ अर्थ. त्यातही शासकीय महाविद्यालयांतील जागा निम्म्याच्या आसपासच असतात, आणि परवडणारे शुल्क तिथेच असते. "मी नीट क्वालिफाय झालो" हे वाक्य म्हणून स्वतःपुरते फार आनंदाने उच्चारू नये.

लक्ष्य ठरवताना गुण न धरता रँक धरावी. २०२४ मध्ये अनेकांना ७२० पैकी ७२० मिळाले होते, तर २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा पेपर अवघड गेल्याने देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराचे गुण ६८६ होते. एकाच तयारीच्या विद्यार्थ्याचे गुण या दोन वर्षांत शंभराहून अधिक फरकाने बदलू शकतात, रँक मात्र तितकी हलत नाही. सीईटी सेल प्रत्येक फेरीची निवडयादी प्रसिद्ध करते. मागील दोन वर्षांच्या याद्या घेऊन, आपल्या प्रवर्गात राज्यातील शासकीय महाविद्यालयांची शेवटची जागा कोणत्या अखिल भारतीय रँकला गेली आणि खासगी महाविद्यालयांची कोणत्या रँकला गेली, हे दोन आकडे कागदावर लिहून काढावेत. हे काम एका रविवारी होते. ते न करता दोन वर्षे अभ्यास करणारे लोक आहेत, आणि निकालाच्या दिवशी मिळालेल्या रँकचा अर्थ ते दुसऱ्यांना विचारत फिरतात.

चौथी पायरी: पुढची वर्षे आणि पैसा

हा हिशेब पुस्तके विकत घेण्याआधी करायचा आहे. एमबीबीएस साडेचार वर्षांचे आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. ३२ व्या वर्षी तयारी सुरू केली, दुसऱ्या प्रयत्नात ३४ व्या वर्षी प्रवेश मिळाला, तर इंटर्नशिप संपेपर्यंत चाळिशी गाठत आलेली असते. शासकीय जागा घेतल्यास महाराष्ट्रात त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. पदव्युत्तर पदवी हवी असेल, तर नीट-पीजीची तयारी आणि आणखी तीन वर्षे. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. चाळिशीत सुरू झालेली वैद्यकीची कारकीर्द पंचवीस वर्षे चालू शकते. मात्र शासकीय सेवेत शिरायचे असेल, तर महाराष्ट्रात सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ असते व पदानुसार ती बदलते, हे आजच ठाऊक असावे. शल्यचिकित्सेसारख्या, शरीर पिळून काढणाऱ्या आणि पुढे आणखी प्रशिक्षण मागणाऱ्या शाखांपेक्षा कुटुंबवैद्यक, मानसोपचार, जनआरोग्य किंवा भूलशास्त्र या वाटा मोठ्या वयात अधिक झेपतात असे मला वाटते. अर्थात हा निर्णय प्रत्येकाने वॉर्डात काम केल्यावर घ्यावा.

शुल्काचे तीन थर आहेत. शासकीय महाविद्यालयात वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात, खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले, म्हणजे साधारण सात-आठ लाखांपासून पुढे, आणि अभिमत विद्यापीठांत २० लाखांच्याही पुढे. खासगी महाविद्यालयांतील संस्थात्मक कोट्याचे दर याहून वेगळे असतात. पण मोठ्या वयाच्या माणसाचा मुख्य खर्च शुल्क हा नसतोच. तो असतो बंद झालेला पगार. दरमहा घरी ४० हजार आणणाऱ्या माणसाची साडेचार वर्षांतली बुडालेली कमाई साडेएकवीस लाखांवर जाते, आणि इंटर्नशिपचे विद्यावेतन पगाराची जागा घेत नाही. एमबीबीएसबरोबर नोकरी करता येत नाही: लेखी परीक्षेला बसण्यासाठी व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. शैक्षणिक कर्ज मिळते, पण बँक परतफेडीचा कालावधी तुमच्या वयाशी ताडून पाहते आणि सहकर्जदाराचे उत्पन्न विचारते. निवृत्तीला आलेले वडील सहकर्जदार होणार असतील, तर हा प्रश्न शाखाधिकाऱ्यासमोर आधीच मांडावा.

जोडीदाराबरोबर बसून हे सगळे आकडे लिहावेत आणि त्यात एक ओळ अशीही असावी, की किती प्रयत्नांनंतर थांबायचे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही म्हणूनच ती स्वतः घालून घ्यावी लागते. मी दोन पूर्ण तयारीचे प्रयत्न आणि तिसरा फक्त रँक काठावर असल्यास, असे सुचवीन.

पाचवी पायरी: अभ्यास

पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक वजा होतो. २०२१ पासून काही वर्षे असलेले ऐच्छिक प्रश्न २०२५ पासून काढून टाकले आहेत, त्यामुळे जुन्या सराव पुस्तकांतील २०० प्रश्नांचा नमुना आता चालत नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. ती निवडल्यास केंद्र महाराष्ट्रातलेच मिळते आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. बारावी इंग्रजीतून झालेल्याने केवळ मातृभाषा म्हणून मराठी पेपर निवडू नये, कारण पारिभाषिक शब्दांशीच वेळ जातो.

जीवशास्त्र म्हणजे निम्मे गुण, आणि मोठ्या वयाच्या उमेदवाराला हाच आधार आहे. इथे हुशारीपेक्षा चिकाटी जास्त फळते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके, चालू आवृत्तीची, ओळ न सोडता वाचावी लागतात. आकृत्यांखालचा मजकूर, कोष्टके, कंसातले वाक्य, काहीच वगळता येत नाही. माळ्यावरची स्वतःची जुनी पुस्तके काढू नयेत. अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून बदललेला आहे, काही घटक गळले आहेत आणि काही नवे आले आहेत. राज्य मंडळातून आलेल्याला पुस्तकाची मांडणी सुरुवातीला परकी वाटते. पहिल्या वाचनात फक्त वाचावे, टिपणे दुसऱ्या वाचनाला काढावीत.

भौतिकशास्त्रात खरी दमछाक होते, आणि तिचे कारण बहुधा भौतिकशास्त्र नसते, गंजलेले गणित असते. त्रिकोणमितीतील मूल्ये, लॉगॅरिदम, सदिश, साधे अवकलन व संकलन, आलेखाचा उतार वाचणे, दशांशांचा झटपट गुणाकार हे सगळे दहा वर्षांत हातातून गेलेले असते आणि परीक्षेत गणकयंत्र नसते. त्यामुळे पहिला दीड-दोन महिना केवळ याच गोष्टींवर घालवावा. हा वेळ वाया जातो आहे असे वाटून बहुतेक जण थेट गतिविषयक प्रकरणाला हात घालतात आणि तिसऱ्या आठवड्यात "फिजिक्स आपल्याला जमणार नाही" या निष्कर्षाला पोहोचतात. रसायनशास्त्राचे तीन तुकडे वेगवेगळे हाताळावेत: भौतिक रसायनशास्त्र सोडवून, सेंद्रिय अभिक्रियांचा क्रम समजून, आणि असेंद्रिय निव्वळ पाठ करून.

नोकरी करत तयारी करणाऱ्याला रोज तीन-चार तासांहून अधिक मिळत नाहीत. त्या हिशेबाने अठरा ते चोवीस महिने धरावेत. एका वर्षात उरकण्याचा आग्रह धरला, की शेवटी अभ्यासक्रम अर्धा राहतो आणि प्रयत्न एक कमी होतो. पहाटेचे दोन तास भौतिकशास्त्राला, संध्याकाळचा थकलेला तास जीवशास्त्राच्या वाचनाला आणि रविवार चाचणीला अशी विभागणी अनेकांना सोसते. नोकरी सोडायचीच असेल, तर पहिल्या दिवशी न सोडता शेवटच्या चार-पाच महिन्यांसाठी बिनपगारी रजा मिळते का ते पाहावे.

चाचण्यांबद्दल थोडे सविस्तर. पहिल्या सरावचाचणीत २०० गुण आले, तर तो निकाल नव्हे, ती मोजपट्टी. चाचणीनंतर तितकाच वेळ चुका तपासण्याला द्यावा आणि प्रत्येक चूक एका वहीत कारणासकट लिहावी: माहीत नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, आठवले पण आकडेमोड चुकली, किंवा प्रश्नच नीट वाचला नाही. महिनाभराने ही वही चाळली, की आपले गुण कुठे गळतात ते दिसते. मोठ्या वयाच्या उमेदवारांच्या वह्यांत चौथे कारण कमी आणि वेळ न पुरणे जास्त दिसते. ओएमआर पत्रिकेवर गोल भरण्याचाही सराव घड्याळ लावून करावा. १८० गोल भरायला लागणारी मिनिटे घरी कुणी मोजत नाही.

वजा गुणांची भीती मात्र गणिताने तपासून पाहावी. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना अंदाजाने उत्तर दिले, तर सरासरीने एका प्रश्नामागे पाव गुण हाती लागतो, म्हणजे नुकसान नाही पण लाभही नगण्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर तोच अंदाज सरासरी दीड गुणाचा होतो. दोन पर्याय बाद झालेला प्रश्न म्हणूनच कोरा सोडू नये. शाळेत चुकण्याची शिक्षा खाल्लेली आपली पिढी इथे हमखास हात आखडता घेते.

सहावी पायरी: अर्ज आणि फेऱ्या

नीटचा अर्ज राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. सहसा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अर्ज निघतात आणि परीक्षा मे महिन्यात होते. अर्जात प्रवर्ग निवडताना एक खाचखळगा आहे. एनटीए केंद्राच्या याद्या मानते. महाराष्ट्रातील विमुक्त जाती व भटक्या जमातींतील उमेदवाराची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तरच तिथे ओबीसी लिहिता येते, आणि राज्यातील एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग केंद्रात नाहीच. राज्याच्या फेरीत पुढे राज्याचा प्रवर्ग स्वतंत्रपणे भरायचा असतो. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचेच द्यावेत, क्लासचे किंवा सायबर कॅफेचे नव्हेत.

निकालानंतर दोन स्वतंत्र नोंदण्या कराव्या लागतात. शासकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय १५ टक्के जागा, एम्स, जिपमर आणि अभिमत विद्यापीठे यांच्यासाठी केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी. राज्यातील शासकीय व खासगी महाविद्यालयांसाठी सीईटी सेल. एकीकडे नोंदणी केली म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही. पसंतीक्रम भरताना स्वतःच्या खऱ्या इच्छेच्या क्रमानेच महाविद्यालये लिहावीत. "आपल्याला हे मिळणार नाही, म्हणून खाली टाकू" हा विचार पूर्णपणे चुकीचा आहे, कारण संगणक वरून खाली जातो आणि रँकला मिळण्यासारखी पहिली जागा देतो. वर लिहिलेले न मिळाल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. उलट, मिळाली तरी शुल्क भरता येणार नाही असे महाविद्यालय यादीत मुळीच लिहू नये. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली, तर अनामत जाते आणि काही वेळा पुढील फेरीतून बाहेर व्हावे लागते. मोठ्या वयाच्या उमेदवाराने गावाजवळचे महाविद्यालय आणि नामांकित महाविद्यालय यांत निवड करताना मुलांची शाळा व आईवडिलांचे आजारपण हिशेबात धरले, तर त्यात कमीपणा नाही. एमबीबीएसची पदवी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

एमबीबीएसची जागा हुकली, तर त्याच नीटच्या गुणांवर बी.डी.एस., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. आणि राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेश होतात. "यंदा इथे घेऊ, पुढच्या वर्षी पुन्हा नीट देऊ" या विचाराने तिथे शिरणे मात्र मोठ्या वयात महाग पडते: जागा सोडल्याचा दंड आणि गेलेले वर्ष दोन्ही भरावे लागतात. परदेशी एमबीबीएसकडे वळणाऱ्यांनी एजंटच्या आधी २०२१ ची परदेशी वैद्यकीय पदवीधारकांची नियमावली वाचावी. तिथेही नीट पात्रता लागते. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह आणि त्या देशात वैद्यकीय परवाना मिळण्याजोगा असावा लागतो. परतल्यावर ३०० पैकी १५० गुणांची पात्रता परीक्षा आणि भारतात आणखी एक वर्षाची इंटर्नशिप असते. कमी शुल्काच्या जाहिरातीत ही परीक्षा आणि हे जास्तीचे वर्ष धरलेले नसते.

सातवी पायरी: जागा मिळाल्यानंतर

निवडयादीत नाव आल्यावर महाविद्यालयात हजर होण्यासाठी मोजके दिवस मिळतात. मूळ कागदपत्रे तिथे जमा होतात, म्हणून प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती आणि स्कॅन आधी करून ठेवावे. कर्जाच्या आणि इतर कामांसाठी त्या लगेच लागतात. शारीरिक योग्यतेचे प्रमाणपत्र नोंदणीकृत डॉक्टरकडून विहित नमुन्यात घ्यावे.

नोकरीचा राजीनामा निकालाच्या दिवशी देऊ नये, पहिल्या फेरीच्या यादीच्या दिवशीही नाही. महाविद्यालयाने कागद स्वीकारून, शुल्काची पावती देऊन प्रवेश निश्चित केल्यावरच द्यावा. नोटीसचा काळ किती आहे, तो रजेत वळता येतो का आणि बंधपत्र असल्यास किती भरावे लागेल, हे वरिष्ठांशी जून महिन्यातच बोलून ठेवावे. शासकीय कर्मचाऱ्यांनी अभ्यासरजा किंवा असाधारण रजा यांची चौकशी करावी आणि परीक्षेला बसण्यापूर्वी कार्यालयाला कळवण्याची अट आपल्या खात्यात आहे का हे पाहावे. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षे मिळतात. शरीररचनाशास्त्राचे पहिले दोन महिने सर्वांनाच जड जातात, त्यामुळे घरातील लग्नकार्य, घरबदल आणि कर्जाची कामे वर्ग सुरू होण्याआधी उरकावीत किंवा पहिल्या विद्यापीठ परीक्षेनंतर ढकलावीत.